गुरुवारी तीन वाजून सात मिनिटांनी

“मॅडम, पुन्हा गेलं.”

फोनवर प्रज्ञा साळवे होती. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. तीन वाजून आठ मिनिटं. वार गुरुवार.

“नेटच्या डब्यावर लाल दिवा लागलाय?”

“लागलाय. माझा चेहरापण लाल झालाय. जर्मनीतले सात जण माझी स्क्रीन बघत होते. आता ते काय बघतायत, मला माहीत नाही.”

ओळीने तिसरा गुरुवार होता. पहिल्या गुरुवारी मी सॉरी म्हटलं, दुसऱ्या गुरुवारी ‘बघते’ म्हटलं. तिसऱ्या गुरुवारी काय म्हणायचं हे आमच्या धंद्यात ठरलेलं नाही, म्हणून मी ‘निघाले’ म्हटलं.

मी चिंचवडच्या एका छोट्या इंटरनेट कंपनीत फील्ड सर्व्हिस बघते. म्हणजे ऑफिसात बसून फोन घ्यायचे, शिव्या घ्यायच्या, आणि एवढं करून भागलं नाही की शिडी घेऊन निघायचं. कंपनीचे मालक अण्णा. ते पूर्वी गावठाणात केबल टीव्ही चालवायचे. तेव्हा मॅचच्या वेळी केबल गेली की माणसं थेट त्यांच्या दारात यायची. आता मीटिंगच्या वेळी नेट गेलं की मेल येतो. अण्णांना मेलची भीती वाटत नाही, कारण ते मेल उघडतच नाहीत. ते मी उघडते.

प्रज्ञाची बिल्डिंग चाकणच्या पुढे, एका गावाच्या शिवेवर. तीन बाजूंना कांद्याची शेतं आणि चौथ्या बाजूला कंपन्यांच्या बस वळतात तो रस्ता. राहणारे बहुतेक कारखान्यांतले. प्रज्ञा मात्र बेंगळुरूच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत, पण काम घरून. कारण तिचे वडील. आई चार वर्षांपूर्वी गेली, आणि गेल्या वर्षी वडिलांच्या हृदयात दोन स्टेंट बसले. कंपनीने घरून काम करायची परवानगी दिली ती एका अटीवर, नेट आणि लाईट भरवशाची हवी. दर गुरुवारी तीन वाजता जर्मनीच्या क्लायंटला आठवड्याचं काम दाखवायचं असतं. बाकी दिवशी पाच मिनिटं नेट गेलं तर चालतं. गुरुवारी नाही.

मी चाकणच्या चौकात ट्रकांमागे अडकलेली असताना तिने मॅनेजरचा मेल मला पाठवला. त्यात लिहिलं होतं, आणखी एकदा क्लायंटचा कॉल तुटला, तर पुढच्या महिन्यापासून बेंगळुरूच्या ऑफिसात येऊन बसावं लागेल. खाली तिने स्वतःची ओळ जोडली होती: ‘बाबा तिकडे येणार नाहीत आणि मी त्यांना एकटं सोडणार नाही. म्हणजे नोकरी गेली असं समजा.’

मी ती ओळ दोनदा वाचली. मागच्या ट्रकवाल्याने हॉर्न दिला तेव्हा पुढचा रस्ता मोकळा झालेला दिसला.

आता गुरुवारचं आधी सांगते. इतर ठिकाणी रविवार असतो, आमच्या पट्ट्यात गुरुवार असतो. कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, म्हणून लाईनवरची दुरुस्तीही गुरुवारीच काढतात. लहानपणापासून माणसांच्या डोक्यात बसलंय, गुरुवार म्हणजे लाईट जाणार. म्हणूनच त्या बिल्डिंगमधून दुसऱ्या कुणाचीही तक्रार आली नव्हती. अर्धे लोक दुपारी झोपलेले, आणि उरलेल्यांना मी फोन केला तर म्हणाले, “गुरुवार आहे ना मॅडम, जातंच.”

मीही आधी तेच धरलं होतं. पण तिथल्या वायरमनला विचारलं तर तो म्हणाला, “आमचं काम सकाळी आटपतं. दुपारी तीनला आमचं कुणी खांबावर नसतं.”

“मग कुठे असतं?”

“सावलीत.”

शिवाय प्रज्ञाच्या घरात पंखा चालू राहायचा. लाईट जातच नव्हती, जात होतं ते फक्त नेट.

अण्णांचं निदान तयार होतं. “आगं सुरेखा, खार आसंल. केबल कुरतडत्यात त्या.”

“अण्णा, खारीला गुरुवार कळतो का?”

“का न्हाई कळणार? गुरवारी कंपन्या बंद, ट्रक कमी. ती बी निवांत बसून खात आसंल.”

“आणि बारा मिनिटांनी परत जोडून देते?”

अण्णांनी थोडा विचार केला. “मग माकड आसंल,” ते म्हणाले.

नेट दर वेळी बारा मिनिटांनी आपोआप येत होतं. खारीने वायर तोडली तर ती तुटलेलीच राहते. आमच्या ऑफिसातल्या मशीनवर प्रत्येक बिघाडाची नोंद होते, तिला लॉग म्हणतात. त्यात तीनही गुरुवारी एकच शब्द होता, डाइंग गॅस्प. मराठीत शेवटचा आचका. नाव भयानक आहे, पण सोय चांगली आहे. बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये आमची एक लोखंडी पेटी असते. जमिनीखालून आलेली फायबर केबल त्या पेटीत येते आणि तिथून घराघरांत नेट जातं. फायबरमधून उजेड धावतो, त्याला वीज लागत नाही, पण पेटीला लागते. पेटीची वीज अचानक तुटली तर ती मरता मरता आमच्याकडे एक निरोप पाठवते: माझी वीज गेली, मी चालले. वायर कुरतडली तर हा निरोप येत नाही. म्हणजे खार आणि माकड दोघंही निर्दोष होते.

पण पेटीची वीज जाणार कशी? तिला बाहेरची लाईट असते, आणि ती गेली तर चार तास चालेल अशी बॅटरी आत असते. दुसऱ्या गुरुवारनंतर मी स्वतः जाऊन बाहेरची लाईट बंद करून पाहिली होती. बॅटरीवर पेटी तीन तास बिनतक्रार चालली. तरी मी बॅटरी बदलली, अडॅप्टर बदलला. पेटी उघडल्यावर तर मला अभिमानच वाटला. आमच्या इतर पेट्यांत पाली असतात, कोळिष्टकं असतात, एकदा एका पेटीत कुणाचं तरी टिफिनचं झाकण सापडलं होतं. ही पेटी आतून आरशासारखी. बॅटरीची टोकं, ज्यांना आम्ही टर्मिनल म्हणतो, घासूनपुसून चकचकीत, वर व्हॅसलीनचा पातळ हात. मी ऑफिसच्या ग्रुपवर फोटो टाकला आणि खाली लिहिलं, ‘शिका. काम असं असतं.’ कुणीच काही बोललं नाही. मला वाटलं, विनयशील आहेत.

त्या तिसऱ्या गुरुवारी मी पोचले तेव्हा पाच वाजले होते. दार प्रज्ञाच्या वडिलांनी उघडलं. सुभाष साळवे, रिटायर्ड मेंटेनन्स सुपरवायझर, गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात एकतीस वर्षं. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, आणि हसताना मान थोडी पुढे.

“या मॅडम. ब्रेकडाऊनची वेळ काय?”

“तीन सात.”

“आणि रीस्टोर?”

“तीन एकोणीस.”

“बारा मिनिटं,” ते म्हणाले आणि डॉक्टरने ताप ऐकावा तशी मान हलवली.

घर बघण्यासारखं होतं. हॉलमध्ये बुद्धाची छोटी मूर्ती, तिच्यापुढे एक मेणबत्ती, आणि तिथून जे सुरू होत होतं तो कारखानाच होता. स्वयंपाकघराच्या भिंतीवर झारा, उलथणं, चिमटा यांचे आकार पेनने काढलेले, म्हणजे कुठली वस्तू जागेवर नाही ते लगेच दिसावं. मिठाच्या डब्यावर ‘मीठ’, साखरेच्या डब्यावर ‘साखर’, आणि एका रिकाम्या डब्यावर ‘रिकामा’.

“बाबांना सवय आहे,” प्रज्ञा म्हणाली. ती टेबलापाशी डोकं धरून बसली होती. “ज्या वस्तूवर नाव नाही ती वस्तू धोक्याची, असं म्हणतात.”

“बरोबरच आहे,” काका म्हणाले. “चला मॅडम, व्हाय-व्हाय करू.”

कारखान्यात बिघाड झाला की एका कागदावर पाच वेळा ‘का’ विचारतात. प्रत्येक उत्तरावर पुन्हा ‘का’. पाचव्या ‘का’पर्यंत खरं मूळ सापडतं असा नियम आहे. काकांनी पट्टीने आखलेला छापील कागद आणला. असे कोरे कागद त्यांच्याकडे गठ्ठाभर होते.

“का एक. नेट का गेलं?”

“पेटी बंद पडली.”

“का दोन. पेटी का बंद पडली?”

“वीज गेली.”

“का तीन. बॅटरी असताना वीज का गेली?”

“तेच तर कळत नाही, काका. बॅटरी नवी आहे. टर्मिनल तर इतके स्वच्छ आहेत की मी फोटो काढला.”

मी फोन पुढे केला. काकांनी चष्मा लावून फोटो पाहिला आणि त्यांचा चेहरा फुलला.

“वा,” ते म्हणाले. “चांगलं काम आहे कुणाचं तरी.”

“आमच्याच लोकांचं.”

“असेल,” ते म्हणाले, आणि प्रज्ञाकडे एकदा बघून पुन्हा कागदात घुसले. “तरीपण टर्मिनल सैल होत असणार. शेजारून ट्रक जातात, व्हायब्रेशन असतं. उपाय काय, तर चेकिंग वाढवायचं. आठवड्यातून एकदा होत असेल तर दोनदा.” त्यांनी ते कागदावर लिहून खाली तारीख घातली.

आमच्याकडे टर्मिनल वर्षातून एकदाही कुणी तपासत नाही, हे मी सांगितलं नाही. गिऱ्हाइकासमोर काही गोष्टी गिळायच्या असतात.

जाताना प्रज्ञा लिफ्टपर्यंत आली. “बाबांच्या उत्साहाचं मनावर घेऊ नका. त्यांना मी विजेच्या कामाला हात लावू देत नाही. ट्यूब बदलताना स्टुलावरून पडले होते, तेव्हा शपथ घातली. आता नुसतं चालणं. मी कॉलवर असते तेव्हा खाली पार्किंगमध्ये फेऱ्या मारतात, बिचारे.”

मी ‘चांगलं आहे’ म्हटलं आणि लिफ्टचं बटण दाबलं. चौदा वर्षं मी बिघाड शोधतेय. त्या क्षणी बिघाडाने मला त्याचा पत्ता, वेळ आणि कारण सगळं सांगितलं होतं, आणि मी ‘चांगलं आहे’ म्हटलं.

सोमवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी तिचा फोन आला. “मॅडम, आज पण गेलं. आज तर सोमवार आहे! नशीब, कॉल टीममधल्या एकीशीच होता, क्लायंटचा नव्हता.”

मी लॉग उघडला. शेवटचा आचका. तीन वाजून सात मिनिटं.

“सोमवारी बी?” अण्णा म्हणाले. “म्हंजी सवय लागली त्याला.”

“कुणाला?”

“जे काय हाय त्याला.”

मी कॅलेंडर पाहिलं. तीन दिवसांत चौथा गुरुवार होता. माझ्याकडे बदलायला वस्तूच उरली नव्हती. हॉटस्पॉटवर काम चालवायचं तर त्या घरात मोबाइलच्या सिग्नलची एकच दांडी येते, तीही बाल्कनीत, कपडे वाळत घालतात त्या कोपऱ्यात. मी ठरवलं, गुरुवारी पेटीसमोर जाऊन बसायचं आणि बिघाड होताना डोळ्यांनी बघायचा. अण्णांना सांगितलं तर म्हणाले, “बस. पण काठी घिऊन बस.”

गुरुवारी अडीच वाजता मी त्या पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले. सोसायटीचा एकुलता एक कॅमेरा गेटकडे बघत होता, आमच्या पेटीकडे त्याची पाठ. स्कूटरवर एक मांजर झोपलेलं. काठी मी खरंच नेली होती, ती खुर्चीमागे लपवली. तीन वाजले. वर चौथ्या मजल्यावर प्रज्ञाने हेडफोन लावून दार बंद केलं असेल. तीन पाच झाले. लिफ्टचं दार उघडलं आणि साळवे काका बाहेर आले.

आज इस्त्रीचा शर्ट नव्हता. कंपनीचा जुना करडा युनिफॉर्म, पायांत सेफ्टी शूज, खांद्याला कापडी पिशवी. मला बघून ते दचकले, मग आनंदले.

“मॅडम! बरं झालं आलात. आज दोघं मिळून करू.”

“काय करू?”

“पीएम.” म्हणजे प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स. मशीन बिघडण्याआधीच तिची ठरलेल्या दिवशी केलेली देखभाल. त्यांनी आवाज खाली आणला. “पण वर बोलू नका. पोरीने शपथ घातलीय.”

त्यांनी पिशवीतून लाल अक्षरांची पाटी काढून मीटरच्या बोर्डाला अडकवली: ‘काम चालू आहे. खटका लावू नये.’ मग किल्ल्यांच्या जुडग्यातून एक तिकोनी चावी काढून आमची पेटी उघडली. “या चावीने चाकणमधलं कुठलंही पॅनेल उघडतं,” ते कौतुकाने म्हणाले. पुढे त्यांनी ब्रश काढला, पाना काढला, व्हॅसलीनची डबी काढली. मी खुळ्यासारखी त्या डबीकडे बघत राहिले. माझ्या डोक्यात कुठेतरी दिवा लागत होता, पण सावकाश.

“आधी मेन सप्लाय बंद,” काका म्हणाले. त्यांचं बोट पेटीच्या एमसीबीवर, म्हणजे तिची वीज तोडणाऱ्या खटक्यावर गेलं. “मग बॅटरी सोडवायची. पूर्ण आयसोलेशन. अर्धवट काम मी करत नाही.”

तीन वाजून सात मिनिटं झाली होती.

“काका, हात काढा!”

मी ओरडले ते एवढ्या मोठ्याने की मांजर स्कूटरवरून पडलं. ओरडून थांबले नाही, त्यांचं मनगट धरलं. दोन स्टेंटवाल्या माणसाचं मनगट असं धरायचं नसतं, हे मला नंतर सुचलं.

“मॅडम, घाबरू नका,” काका शांतपणे म्हणाले. “हा स्टँडबाय आहे, मेन पडला तर उचलणारा. मेन वर चालू आहे.”

“वर कुठे?”

“आमच्या घरात. चार दिव्यांचा डबा आहे ना, तो मेन. ही बॅटरी म्हणजे त्याचा स्टँडबाय. मेन चालू असतानाच स्टँडबायचं काम करून घ्यायचं. एकतीस वर्षं हेच केलं, एकदाही लाईन थांबली नाही.”

आमची पेटी उघडली की समोर फक्त बॅटरी दिसते. खरं यंत्र मागे, पत्र्याच्या आड असतं. आणि पेटीवर काय आहे ते लिहिलेलं नव्हतं. काहीच लिहिलेलं नव्हतं. ज्या माणसाच्या घरात रिकाम्या डब्यावरसुद्धा नाव आहे, त्याला आम्ही बिननावाची पेटी दिली होती.

“काका,” मी म्हटलं, “मेन हाच आहे.”

त्यांनी बोट बाजूला घेतलं, हळूच. मी मागचा पत्रा उघडून दाखवला. आत चोवीस हिरवे दिवे लुकलुकत होते. काकांनी चष्मा लावला आणि गुडघ्यांवर हात ठेवून आत वाकले.

“यातला आमचा कुठला?”

“सातवा.”

ते बराच वेळ त्या सातव्या दिव्याकडे बघत राहिले. तो भराभर लुकलुकत होता. वर प्रज्ञा बोलत होती आणि जर्मनीत सात माणसं ऐकत होती.

मग ते खुर्चीवर बसले. पिशवीतून एक डायरी काढून माझ्या हातात दिली. त्यांची चेकशीट होती ती. प्रत्येक गुरुवारची तारीख, काम सुरू तीन सात, काम पूर्ण तीन पंधरा, शेरा ओके, खाली सही. मी फोनवर आमचा लॉग उघडून शेजारी धरला. आठ मिनिटं काकांचं काम, चार मिनिटं पेटी पुन्हा जागी व्हायला. सगळ्या नोंदी जुळत होत्या, नवीन सोमवारचीसुद्धा. माझ्या नोकरीत मी इतका अचूक पुरावा पाहिलेला नाही, आणि इतका नकोसा वाटलेलाही नाही.

“म्हणजे मीच,” काका म्हणाले.

“पण दर वेळी तीनलाच का, काका?”

“ती कॉलवर असते तेव्हाच मला घरातून सुटता येतं.” त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. “आणि गुरुवार, कारण शटडाऊन गुरुवारीच घेतात ना.”

हळूहळू सगळं बाहेर आलं. महिन्यापूर्वी एका बुधवारी लाईट गेली होती, आणि घरातला डबा छोट्या यूपीएसवर चालू असूनही नेट गेलं होतं. प्रज्ञा रडली होती. काका गुपचूप खाली आले, पेटी उघडली, तर बॅटरीचं टर्मिनल सैल. त्यांनी बोटाने दाबलं, पान्याने आवळलं आणि नेट आलं. लाईट नसताना बॅटरीने उचललं, म्हणजे हा स्टँडबायच, असा त्यांचा हिशेब बसला. त्याच दिवशी त्यांनी डायरी आखली. सैल टर्मिनल आमचं होतं. आमच्या माणसांनी करायचं काम एक हृदयरोगी म्हातारा लपून करत होता, आणि त्याचे फोटो मी ‘शिका’ म्हणून ग्रुपवर टाकत होते. मला भयंकर लाज वाटली. रागही आला, पण काढायला दुसरं कुणी नव्हतं.

“तुम्ही तिला सांगू नका,” काका म्हणाले.

“नाही सांगत. सैल टर्मिनल लिहिते. खोटं नाही ते.”

ते उठले. पाना पिशवीत ठेवला, ब्रश ठेवला, पाटी काढून फडक्याने पुसली. मग स्वतःच मान हलवली. “नको. मूळ कारण दडवलं की ब्रेकडाऊन परत येतो. पोरांना हेच शिकवलं मी. चला वर.”

पावणेचारला प्रज्ञाचा फोन आला. ती नाचत होती हे आवाजावरून कळत होतं. “मॅडम, पूर्ण कॉल झाला! एकदाही तुटला नाही! काय केलंत तुम्ही?”

“काही नाही. खाली बसले होते. येतेय वर.”

वर गेल्यावर काका बसले नाहीत. युनिफॉर्ममध्ये, हात मागे बांधून, लेकीसमोर उभे राहिले आणि प्लँट मॅनेजरला द्यावा तसा रिपोर्ट दिला. एकूण ब्रेकडाऊन चार. कारण, मेन लाईनला स्टँडबाय समजून शटडाऊन घेतला. जबाबदार, सुभाष साळवे.

मी मध्येच म्हटलं, “पेटीवर नाव नव्हतं. ती चूक आमची.”

“ती वेगळी लिहा,” काका म्हणाले. “माझ्यात मिसळू नका.”

प्रज्ञा एकदा त्यांच्याकडे, एकदा त्यांच्या शूजकडे बघत होती. मला वाटलं, आता नोकरीचं बोलेल, जर्मनीचं बोलेल.

“तुम्ही बोर्डाला हात लावलात?” ती म्हणाली.

“हो.”

“कितीदा?”

“पाचदा. तो बुधवार धरून.”

“आणि शॉक बसला असता तर? मी वर हेडफोन घालून बसलेली. मला कळलंसुद्धा नसतं, बाबा.” आणि ती रडायला लागली. काकांचे मागे बांधलेले हात सुटले, पण त्यांचं काय करायचं हे त्यांना कळेना. शेवटी त्यांनी एक हात तिच्या डोक्यावर ठेवला आणि दुसऱ्याने पंख्याचा वेग वाढवला. मी स्वयंपाकघरात गेले आणि पाण्याचा ग्लास शोधायचं नाटक केलं. ग्लासच्या कप्प्यावर ‘ग्लास’ लिहिलेलं होतं, त्यामुळे ते नाटक फार वेळ चाललं नाही.

परत आले तेव्हा प्रज्ञा काकांच्या त्या छापील कागदाच्या मागे काहीतरी लिहीत होती.

“शटडाऊन परमिट,” तिने वाचून दाखवलं. “पीएम आठवड्यातून एकदा. रविवारी सकाळी सात वाजता. मी शेजारी उभी असताना. रबरी हातमोजे घालून. माझी सही असेल तरच.”

“रविवारी?” काका बिथरले. “रविवारी प्लँट चालू असतो. शटडाऊन गुरुवारी घेतात.”

“या प्लँटची मॅनेजर मी आहे.”

काकांनी कागद वाचला, एक शुद्धलेखनाची चूक सुधारली आणि सही केली.

पेटीला ग्राहकाने हात लावायला आमच्या नियमात परवानगी नाही. अण्णांना सांगणं भाग होतं. ते शांतपणे ऐकत होते.

“म्हंजी खार न्हवती.”

“नव्हती.”

“आन् माकड बी न्हाई.” त्यांना वाईट वाटलेलं दिसलं. “त्या म्हाताऱ्याला इचार, आपल्या सगळ्या पेट्या बघंल का.”

मी विचारलं. काका म्हणाले, रिटायर झालोय, नोकरी नको. पण तेव्हापासून गावात फेरी मारताना आमची कुठलीही पेटी दिसली की ते फोटो पाठवतात. ‘पाल, दोन नग.’ ‘दार सैल.’ ‘नाव नाही.’ अण्णांनी शेवटी सगळ्या पेट्यांवर नावं लावून घेतली. प्रज्ञाच्या बिल्डिंगमधल्या पेटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय: ‘मेन. बंद करू नये.’ खाली काकांनी बारीक अक्षरांत भर घातलीय: ‘परमिटशिवाय.’

प्रज्ञाची नोकरी टिकली. गुरुवारचे कॉल होतात आणि ती चाकणच्या पुढच्या त्या घरातूनच करते.

आता दर रविवारी सात वाजून सात मिनिटांनी माझ्या फोनवर त्या बिल्डिंगचा शेवटचा आचका येतो. बारा मिनिटांनी पेटी परत जागी होते. नियमाने मी त्याची तक्रार नोंदवायला हवी. मी नोंदवत नाही. चहा पिता पिता बघते आणि काका ठीक आहेत असं समजून फोन ठेवते.

एका रविवारी आचका आला नाही. सव्वासात झाले, सात वीस झाले. माझा चहा गार झाला. सात पंचविसाला मी न राहवून फोन लावला. दोनच रिंग गेल्या असतील, पण मला त्या खूप वाटल्या.

“जय भीम, मॅडम,” काका दबक्या आवाजात म्हणाले. “आज काम अडकलंय.”

“का? काय झालं? बरं नाही का?”

“मला काय धाड भरलीय? युनिफॉर्म घालून सहापासून तयार बसलोय.” त्यांनी आवाज आणखी खाली आणला. “मॅनेजर झोपल्यात. परमिटवर सही नाही.”

या सगळ्यातून मी एक गोष्ट शिकले. कुठलीही पेटी उघडली आणि ती आतून स्वच्छ दिसली, तर फोटो काढायचा नाही. आधी विचारायचं, हे कुणी केलं.